वरून कोरडी, खालून चिखल : घरातल्या झाडांची पानं पुन्हा पुन्हा पिवळी का पडतात

जुलैचा दुसरा आठवडा उजाडला की आमच्या हॉलमधली पीस लिली मान टाकायची. सलग तीन वर्षं हेच. आधी खालची दोन पानं पिवळी व्हायची, मग देठ लोळायचे, मी पाणी घालायचे, झाड आणखी लोळायचं, आणि गणपती येईपर्यंत कुंडी रिकामी झालेली असायची. नवी लिली आणायची, पुढच्या जुलैत पुन्हा तेच. शेजारच्या अरेका पामची टोकं करपलेली आणि कुंड्यांभोवती बारीक काळी चिलटं. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये घरात झाडं ठेवणाऱ्या बहुतेकांना हे चित्र ओळखीचं वाटेल.

चौथ्या वर्षी झाड टाकून देण्याआधी मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि कुंडी उलटी केली. बाहेरची पांढरी चिनी मातीची कुंडी शोभेची, तिला खाली भोक नाही. आत नर्सरीची काळी प्लॅस्टिकची कुंडी. आतली कुंडी उचलताच खाली दोन बोटं करडं पाणी दिसलं आणि गटारासारखा वास आला. मातीचा गोळा मधोमध चिरला. वरची तीन बोटं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भुसभुशीत, हाताला कोरडं. त्याखाली रंग बदलत जाऊन तळाला काळा, चकाकणारा चिखल. एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढलं तर वरची साल ओल्या कागदासारखी निघून बोटांत आली आणि आतला दोऱ्यासारखा धागा तेवढा उरला. हीच मूळकूज. गोळ्याच्या पोटात रोपवाटिकेतली छोटी प्लॅस्टिकची जाळी तशीच होती आणि तिच्या आत मुळं गच्च आवळलेली होती.

म्हणजे मी तीन वर्षं वरच्या तीन बोटांकडे पाहून पाणी देत होते, आणि झाड खालच्या चार बोटांत मरत होतं.

त्या संध्याकाळी बाबांना फोन केला. त्यांचं आयुष्य शेतात गेलं. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "अगं, पण त्या कुंडीला वाफसा कधी येऊ देतेस?"

वाफसा हा शब्द मी लहानपणापासून ऐकला होता, पण कुंडीसाठी कधी वापरला नव्हता. पाऊस पडून गेल्यावर शेतकरी लगेच रानात औत घालत नाही. जास्तीचं पाणी खाली मुरायची, मातीच्या कणांमध्ये पुन्हा हवा शिरायची वाट बघतो. मूठभर माती दाबली की लाडू वळला पाहिजे आणि तो खाली टाकला की फुटला पाहिजे. ओलही आहे आणि हवाही आहे, अशी ही अवस्था. मुळं श्वास घेतात, त्यांना प्राणवायू लागतो, आणि पाण्यातून प्राणवायू पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पटींनी कमी असतो. माती पाण्याने भरून राहिली की मुळं गुदमरतात. गुदमरलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून भर पाण्यात उभं असलेलं झाड तहानल्यासारखं मान टाकतं. मग पिथियम, फायटोफ्थोरा यांसारखे पाण्यात पोहत पसरणारे बुरशीसारखे जीव त्या मेलेल्या मुळांवर ताव मारतात. आपण वरून पाहतो, झाड सुकलेलं दिसतं, आणि आणखी एक तांब्या ओततो.

खूप पाणी म्हणजे आपोआप कूज, असं मात्र नाही. आंबोलीला वर्षाकाठी ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथल्या झाडांच्या खोडांवर आमरी (ऑर्किड) चार महिने सतत भिजत असते, आणि ऑगस्टमध्ये तिची मुळं टणक, हिरवट-पांढरी असतात. पाणी येतं आणि वाहून जातं, मुळाभोवती हवा कायम. आपल्या हॉलमधली निम्मी झाडं याच स्वभावाची आहेत. मॉन्स्टेरा दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या जंगलांत झाडांवर चढतो, मनी प्लांट मूळचा पॅसिफिकमधल्या मोरेआ बेटावरचा, तोही चढणारा वेल. पीस लिली ओढ्याकाठी वाढते, पण ते पाणी वाहतं असतं. भोक नसलेल्या कुंडीच्या तळातलं दोन बोटं पाणी वेगळं.

इथे नेहमी एक प्रश्न येतो : मनी प्लांट बाटलीतल्या नुसत्या पाण्यात वर्षानुवर्षं जगतो, मग कुंडीत का सडतो? पाण्यात फुटलेली मुळं पाण्यासाठीच घडलेली असतात, त्यांच्यात हवेसाठी पोकळ्या जास्त असतात. शिवाय बाटलीतल्या स्वच्छ पाण्यात प्राणवायू खाणारं फारसं कुणी नसतं. कुंडीतल्या मातीत मात्र शेणखत, गांडूळखत आणि त्यांवर जगणारे असंख्य जीवाणू असतात. भरलेल्या मातीतला उरलासुरला प्राणवायू ते आधी संपवतात.

आधी ओळखा : तहान की कूज?

दोन्हींत झाड मान टाकतं, म्हणून नुसतं पान बघून काही करू नका. कुंडी उचला. हलकी लागली, माती कडेपासून सुटलेली दिसली आणि पानं पातळ, मऊ पण हिरवी असली, तर तहान. पाणी दिल्यावर पीस लिली दोन-चार तासांत उभी राहते. कुंडी जड लागली आणि तरीही झाड लोळत असलं, तर पाण्याला हातसुद्धा लावू नका. खालची पानं एकामागून एक पिवळी पडणं, देठ बुंध्याशी मऊ होणं, कुंडीच्या भोकाशी नाक नेल्यावर आंबूस वास येणं, या कुजीच्या खुणा. संध्याकाळी टवटवीत आणि दुपारी मलूल, असं रोज होत असेल आणि माती ओली असेल, तर मुळं अर्धी गेलेली असण्याची शक्यता मोठी.

सकाळी पानाच्या टोकाला पाण्याचा थेंब लोंबताना दिसतो, त्याची काळजी नको. रात्री मुळांनी ओढलेलं जास्तीचं पाणी पान टोकाशी सोडतं. ते आजाराचं लक्षण नाही. माती सतत ओली असेल तर मात्र हे थेंब जास्त दिसतात.

बोट खुपसून पाहण्याचा सल्ला सगळे देतात. चार इंची कुंडीला तो पुरतो. आठ इंची कुंडीत बोट दोन पेरं जातं आणि खालच्या पाच इंचांचं काहीच कळत नाही. मी खराट्यातला हीर वापरते. कुंडीच्या कडेजवळून तळापर्यंत खुपसायचा, दहा मिनिटं ठेवायचा, मग काढून बघायचा. जिथपर्यंत ओल आहे तिथपर्यंत तो गडद होतो आणि कण चिकटून येतात. विझलेल्या उदबत्तीची काडीही चालते, पण तळापर्यंत पोचत नाही. बाजारातले दोन दांड्यांचे ओल मोजणारे स्वस्त काटे मी दोन वापरून पाहिले. भुसभुशीत कोकोपीटमध्ये ते काहीही आकडा दाखवतात, कारण दांडीला माती नीट टेकतच नाही.

सगळ्यांत भरवशाचं म्हणजे वजन. स्वयंपाकघरातला पाच किलोचा वजनकाटा घ्या. कुंडी पोटभर भिजवा, अर्धा तास निथळू द्या आणि वजन करा. मग रोज उचलत राहा. हीर खालून दोन बोटं सोडून बाकी कोरडा येईल त्या दिवशी पुन्हा वजन करा. हे दोन आकडे चिकटपट्टीवर लिहून कुंडीला लावा. माझ्या सहा इंची लिलीचं भरलेलं वजन १ किलो ४६० ग्रॅम आणि पाणी मागण्याचं वजन ९५० ग्रॅम निघालं. दोन महिन्यांत हाताला सवय होते, मग काटा लागत नाही.

"आठवड्यातून किती वेळा?"

या प्रश्नाला उत्तर नाही, आणि जे देतात त्यांच्यामुळे झाडं मरतात असं माझं स्पष्ट मत आहे. लिलीच्या त्याच कुंडीची माझी नोंद : मे महिन्यात १४६० वरून ९५० वर यायला पाच दिवस, जुलैत तेरा, डिसेंबरात नऊ. कुंडी तीच, जागा तीच. मेमध्ये हवा कोरडी, पंखा दिवसभर, खिडकीत लख्ख उजेड. जुलैत हवेत ओल, आभाळ भरलेलं. मोबाइलवरचं उजेड (लक्स) मोजणारं ॲप फार अचूक नसतं, पण खिडकीपासून मीटरभर आत मेमध्ये ते ४,००० च्या आसपास दाखवायचं आणि जुलैत हजाराच्या खाली. उजेड कमी झाला की झाडाचं अन्न बनवणं मंदावतं, पानांतून पाणी उडणं मंदावतं आणि मुळं पाणी ओढत नाहीत. मी मात्र उन्हाळ्याचा रविवार-बुधवार तसाच पाळत होते. जुलैतच झाड का मरायचं, याचं उत्तर तिथे होतं.

आणि पाणी घालणारी मी एकटी नव्हते. पूजा झाली की सासूबाई तांब्यातलं उरलेलं पाणी जवळच्या कुंडीत घालत. पाणी वाया घालवायचं नाही हा त्यांचा आयुष्यभराचा नेम, आणि तो योग्यच आहे. मुलगा रात्रीचा अर्धा पेला सकाळी त्याच कुंडीत रिकामा करायचा. मी माझ्या वाराला झारी घेऊन यायचे. तीन हात आणि एक कुंडी. आता तांब्यातलं आणि पेल्यातलं सगळं पाणी गॅलरीतल्या तुळशीला जातं. ती उन्हात आहे, मातीच्या कुंडीत आहे, तिला ते रोज चालतं. तुमच्या घरी झाड वारंवार कुजत असेल तर खत, बुरशीनाशक यांच्या आधी घरात कोण कोण पाणी घालतं ते विचारा.

पाणी द्यायची पद्धत कशी निवडायची

रोज थोडं थोडं पाणी ही सर्वांत जास्त वापरली जाणारी आणि सर्वांत वाईट पद्धत. अर्धा पेला पाणी वरचे दोन इंच भिजवतं, खालची एक बाजू चिखल होते, दुसरी बाजू कोरडीठाक राहते, आणि माती कधीच धुतली जात नाही. त्यापेक्षा एकदाच पोटभर द्या. झारीने गोल फिरवत, सगळ्या पृष्ठभागावर, खालच्या भोकांतून पाणी वाहेपर्यंत. दहा मिनिटं थांबून पुन्हा एकदा. पाणी खाली उतरताना मागून ताजी हवा मातीत ओढली जाते. अर्ध्या तासाने ताटलीतलं पाणी ओतून टाका. शोभेची कुंडी असेल तर आतली कुंडी बाहेर काढून मोरीत पाणी द्या आणि पूर्ण निथळल्यावरच परत ठेवा. अरेका, रबर प्लांट, मॉन्स्टेरा, मनी प्लांट, सगळ्यांना हीच पद्धत पुरते. वेगळं काही करायची गरज फार थोड्या झाडांना असते.

कोकोपीट एकदा कडकडीत वाळलं की आक्रसतं आणि कुंडीच्या कडेला फट पडते. वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून थेट ताटलीत येतं, आपल्याला वाटतं झाड प्यालं. अशा वेळी खालून पाणी द्या. घमेल्यात तीन-चार बोटं पाणी घ्या, त्यात कुंडी ठेवा, वीस-तीस मिनिटांत वरचा थर गडद दिसला की काढून निथळत ठेवा. कॅलाथिया आणि आफ्रिकन व्हायोलेट यांना ही पद्धत मानवते, वरचा थर कोरडा राहिल्याने चिलटंही कमी होतात. तोटा एवढाच की क्षार वर साठतात, मातीवर पांढरा पापुद्रा येतो. म्हणून चार वेळा खालून दिलं तर पाचव्यांदा वरून भरपूर द्या.

वातीची पद्धत मला मनापासून आवडते, आणि तिच्यातच मी सर्वांत जास्त चुका केल्या. कल्पना समईसारखीच. कुंडीच्या भोकातून दोरीचं एक टोक मातीत, दुसरं खालच्या डब्यातल्या पाण्यात. झाड लागेल तसं ओढतं. पहिल्यांदा मी सुती दोरी वापरली, ती दीड-दोन महिन्यांत कुजून तुटली. लोकरीच्या दुकानात मिळणारा ॲक्रिलिकचा धागा दोन-तीन पदरी वळून वापरा, तो वर्षभर टिकतो. वात आणि माती आधी भिजवून घ्या, कोरडी वात पाणी चढवत नाही. कुंडीचा तळ पाण्याला टेकू देऊ नका, दोन बोटांची फट ठेवा, नाहीतर भोकातून हवा जायची वाट बंद होते. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे माती हलकी हवी. नर्सरीच्या चिकट मातीत वात लावली की कुंडी चोवीस तास चिखल राहते. माझं एक सिंगोनियम असंच गेलं.

पीस लिली, सिंगोनियम, फर्न यांना वात उन्हाळ्यात उत्तम. पावसाळ्यात मी खालचा डबा काढून घेते आणि वात मात्र तशीच लोंबती ठेवते. का, ते समजून घ्यायला भांडी घासायचा स्पंज घ्या. पाण्यात बुडवून हातावर आडवा धरा, ठिबकणं थांबेपर्यंत थांबा. आता तोच स्पंज उभा करा. पुन्हा धार लागेल. कुंडीच्या तळाशीही असंच निथळूनही न निथळलेलं पाणी अडून राहतं. हा ओला थर किती उंच असेल ते मातीच्या बारीक-जाडपणावर ठरतं, कुंडीच्या उंचीवर नाही. म्हणून बसक्या कुंडीत मुळं जवळजवळ सगळीच पाण्यात असतात. लोंबती वात त्या स्पंजला उभं करते, अडलेलं पाणी तिच्यावरून ठिबकून जातं. आणि म्हणूनच तळाशी खडे किंवा खापऱ्यांचा थर घालण्याचा जुना सल्ला मी सोडून दिला. माती बारीक आणि खडे जाड असले की पाणी मातीतून खड्यांत सहज उतरत नाही, ओला थर फक्त वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते. भोकातून माती सांडू नये म्हणून जाळीचा एक तुकडा किंवा एकच खापरी पुरे.

आपोआप पाणी देणाऱ्या तयार कुंड्या म्हणजे झाकलेली वातच. घेणार असाल तर आतली पातळी दिसेल अशी घ्या, आणि टाकी पूर्ण रिकामी झाल्यावर दोन-तीन दिवस तशीच राहू द्या. वाफसा तेव्हा येतो.

स्नेक प्लांट आणि झेडझेड प्लांट यांना यातलं काहीही नको. झेडझेड पूर्व आफ्रिकेतला, मातीखाली बटाट्यासारखे गड्डे करून पाणी साठवतो. स्नेक प्लांट पानांतच साठवतो. तळापर्यंत कोरडं झाल्यावर आणखी आठवडाभर थांबा, मग भरपूर द्या. पावसाळ्यात महिना-दीड महिना पाणी न देताही माझा झेडझेड नवीन कोंब काढतो.

फवाऱ्याने पानं भिजवणं हे पाणी देणं नव्हे. हवेतली ओल काही मिनिटंच वाढते. पावसाळ्यात रात्रभर ओली राहिलेली पानं डाग धरतात. धूळ असेल तर ओल्या फडक्याने पुसा, त्याचा उपयोग जास्त.

माती न बदलता काहीच सुटत नाही

नर्सरीतलं झाड बहुधा दोन मातींत असतं. पोटात लाल किंवा काळ्या चिकट मातीचा घट्ट गोळा, बाहेर दुकानदाराने भरलेलं कोकोपीट. पाणी दोन्हींत सारखं वागत नाही. बाहेरचं वाळतं, आतलं ओलं राहतं, किंवा आतला गोळा एकदा वाळला की भिजतच नाही. झाड आणल्यावर दोन आठवडे घरात रुळू द्या, मग गोळा बाहेर काढून बोटांनी आणि पाण्याच्या हलक्या धारेने चिकट माती जमेल तेवढी सोडवा. आत जाळी किंवा स्पंजचा तुकडा असेल तर कात्रीने कापून काढा. मी दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग पर्लाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) आणि एक भाग लाकडी कोळशाचे चण्याएवढे तुकडे घेते, त्यात मूठभर गांडूळखत. पर्लाइट मिळालं नाही तर विटांचे चाळलेले तुकडे चालतात, कुंडी थोडी जड होते एवढंच. कोकोपीटची वीट भिजवून पाणी दोन-तीनदा ओतून टाका, तिच्यात मिठाचा अंश असतो. नवी कुंडी जुनीपेक्षा फार तर दोन इंच मोठी. लहान झाड मोठ्या कुंडीत लावलं की न प्यालेलं पाणी मातीत पडून राहतं, आणि "ऐसपैस" म्हणून दिलेली जागाच त्याच्या जिवावर उठते.

हे काम एप्रिल-मेमध्ये सकाळी करा. मुळं तेव्हा जोरात फुटतात आणि पावसाळा यायच्या आत झाड स्थिरावतं.

पाणी कोणतं

पाणी शुद्ध करणारं आरओ यंत्र एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतं, आणि ते पाणी झाडांना घालण्याची पद्धत हल्ली फार रूढ झाली आहे. कृपा करून घरातल्या कुंड्यांना ते घालू नका. मूळ पाण्यातले क्षार त्यात एकवटलेले असतात. शेतात पावसाने क्षार धुतले जातात, हॉलमधल्या कुंडीत पाऊस पडत नाही. अरेकाची आणि कॅलाथियाची करपलेली टोकं बऱ्याचदा याचीच असतात. ते पाणी फरशीला आणि संडासात वापरा.

आमच्याकडे महापालिकेच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, १०० च्या आसपास असतो, उन्हाळ्यात येणाऱ्या टँकरच्या पाण्याचा ७०० च्या वर. रात्रभर बादलीत ठेवलं की क्लोरीन उडतं, पण क्षार उडत नाहीत, हे लक्षात ठेवा. टँकरच्या दिवसांत मी एसीच्या नळीचं पाणी बादलीत धरून निम्मं-निम्मं मिसळते. ते हवेतल्या वाफेचं पाणी, क्षार जवळजवळ नसतात. आणि पहिला जोरदार पाऊस होऊन गेल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या सरीत, सगळ्या कुंड्या एका सकाळी गॅलरीत ठेवून चिंब धुऊन घेते. पुढचे दोन-तीन आठवडे मग झारी बंद.

कुजलेलं झाड वाचवायचं असेल तर

कुंडीतून काढा, माती धुवा, काळी आणि मऊ मुळं स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापा. पांढरी, टणक मुळं उरली असतील तर आशा आहे. मुळं जितकी गेली त्या मानाने पानंही कमी करा, नाहीतर उरलेली मुळं एवढ्या पानांना पुरी पडत नाहीत. आधीपेक्षा लहान कुंडी, नवी हलकी माती, एकदा हलकं पाणी, उजेड भरपूर पण थेट ऊन नाही. दीड महिना खत नाही. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी नव्या मातीत मिसळायला हरकत नाही. ती पुढची कूज रोखायला मदत करते, मेलेलं मूळ जिवंत करत नाही. मनी प्लांट, सिंगोनियम, मॉन्स्टेरा यांची मुळं पूर्ण गेली असली तरी निरोगी पेराचा तुकडा पाण्यात ठेवा, नवी मुळं येतात. पीस लिलीचं तसं होत नाही. तिच्या गड्ड्यांपैकी मुळं असलेला एखादा कोंब वेगळा करून लावावा लागतो.

चिलटांसाठी पिवळे चिकट सापळे लावा, पण ते फक्त उडणारी पकडतात. अळ्या वरच्या दोन इंच ओल्या मातीत असतात. तो थर कोरडा होऊ देणं हाच मुख्य उपाय. फारच झाली असतील तर डासांच्या अळ्यांसाठी वापरतात ती बीटीआयची पावडर पाण्यात मिसळून आठवड्याच्या अंतराने तीन-चारदा द्या. एका पिढीला तीन-चार आठवडे लागतात, त्यामुळे एकदाच देऊन सोडू नका.

सुट्टीत दहा दिवस गावी जाताना घाबरून कुंड्या पाण्याच्या टबात ठेवू नका. निघायच्या आदल्या दिवशी पोटभर पाणी द्या, निथळू द्या आणि सगळ्या खिडकीपासून मीटरभर आत एकत्र ठेवा. मे असेल तर लिलीला वात. बाकीच्यांना दहा दिवस काही होत नाही.

पाचव्या वर्षी आणलेली लिली अजून आहे, आता तिची दोन झाडं झाली आहेत. आज सकाळी उचलून पाहिली, काट्यावर ११८० भरली. बाहेर पाऊस आहे, वात नुसती लोंबते आहे. अजून पाच-सहा दिवस तरी झारी लागणार नाही.